जुन्या गाडीशी इमान

जुनी वस्तू पुन्हा उभी करण्याच्या क्रियेला आपल्या भाषेत अनेक शब्द आहेत. तुटलेल्या चपलेला टाका घातला, तर ती दुरुस्ती. कौले शाकारली, भिंतीला गिलावा केला, तर ती डागडुजी. पडझड झालेले मंदिर पुन्हा बांधले, तर तो जीर्णोद्धार. या तिन्ही शब्दांत एक गृहीत दडलेले आहे. वस्तू पूर्वी जशी होती, तशी ती पुन्हा व्हावी. गेल्या काही वर्षांत मोटारींच्या जगातून आपल्याकडे आणखी एक शब्द आला आहे, 'रेस्टोमॉड'. जीर्णोद्धार आणि फेरफार अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा तो जोड आहे. त्यात वरचे गृहीत अर्धेच उरते. गाडी बाहेरून जशी होती तशीच दिसावी. आतून मात्र ती आजची व्हावी. जुन्या देहात नवे इंजिन, नवे ब्रेक, नवी वीजजोडणी. हा हौशी आणि सुखवस्तू लोकांचा खेळ आहे, असे म्हणून विषय सोडून देता येईल. आम्हांला तसे करावेसे वाटत नाही. या खेळाच्या पोटात एक जुना व गंभीर प्रश्न आहे. जे आपल्याला वारशाने मिळाले, त्यात आपण किती बदल करावा? आणि तो केल्यावर त्या वस्तूला जुन्याच नावाने हाक मारण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय?

या पद्धतीचे माहेर अमेरिका. तेथे १९६०च्या दशकात 'मसल कार' म्हणून ओळखला जाणारा गाड्यांचा एक वर्ग उदयास आला. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दांडगे व्ही-८ इंजिन बसवायचे, अशी ती कल्पना होती. १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून या वर्गाची सुरुवात झाली, असे बहुतेक जण मानतात. टेम्पेस्ट ल मान्स या साध्या गाडीत सुमारे ६.४ लिटर क्षमतेचे इंजिन बसवून ती तयार करण्यात आली. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्ड मस्टँग लोकांपुढे आली आणि तरुणाईला तिने वेड लावले. पुढे प्रदूषणाविषयीचे कायदे, विम्याचे चढते दर आणि १९७३चे तेलसंकट यांनी हे पर्व आटोपते घेतले. त्या गाड्यांत बळ अफाट होते. ते आवरण्याची सोय मात्र तोकडी होती. अनेकींच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक, टायर अरुंद आणि स्टिअरिंग ढिले. आज त्या गाड्यांवर जीव असणारी मंडळी त्यांचे जुने शरीर राखतात आणि आत संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारे इंजिन, डिस्क ब्रेक, वातानुकूलन यंत्र बसवतात. एका गिऱ्हाइकासाठी, त्याच्या मनाजोगी एकच गाडी महिनोन्‌महिने घडवणारे कारखाने तेथे आहेत.

नागपूरच्या रस्त्यावर मस्टँग क्वचितच दृष्टीस पडेल. पण मस्टँग नाही म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे होत नाही. आपल्या दारात उभी राहिली ती अ‍ॅम्बॅसेडर, फियाट आणि जीप. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीचा साचा घेऊन कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बॅसेडर तयार होऊ लागली, ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस. तिचे उत्पादन २०१४च्या मे महिन्यात थांबले. मधल्या पाच दशकांहून अधिक काळात तिची आकृती फारशी बदलली नाही. पोटातले यंत्र मात्र बदलत गेले. आरंभीच्या पेट्रोल इंजिनाच्या जोडीला पुढे डिझेल इंजिन आले, आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या इसुझू कंपनीचे १८०० सीसीचे इंजिन तिच्यात बसू लागले. म्हणजे जुन्या देहात नवे यंत्र घालण्याचे काम खुद्द कारखान्यानेच केले. नागपूर-विदर्भातले मिस्त्रीही त्यात मागे नव्हते. पेट्रोल परवडेनासे झाले, तेव्हा कितीतरी जीपगाड्यांची मूळ पेट्रोल इंजिने उतरवून त्यांच्या जागी डिझेल इंजिने चढवण्यात आली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला गॅसची टाकी बसली, आणि तशीच ती धावत राहिली. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निघाली. या कोणत्याही बदलाला कोणी 'रेस्टोमॉड' म्हटले नाही. गरजेपोटी केलेल्या बदलाला नावाची आवश्यकता भासत नाही. हौसेपोटी केलेल्या बदलाला मात्र नाव लागते, आणि समर्थनही लागते.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. ते कोणत्याही एका कुटुंबाचे नाही. नागपूरच्या सदर, धंतोली, सिव्हिल लाइन्स अशा जुन्या वस्त्यांत ते कोठेही असू शकेल. पोर्चमध्ये आजोबांनी १९६०च्या दशकात घेतलेली अ‍ॅम्बॅसेडर ताडपत्रीखाली उभी आहे. आजोबा आता नाहीत. नातू अभियंता आहे. ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी, तिच्यात आजचे इंजिन बसवावे, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावावेत आणि नागपूरच्या उन्हाळ्यात आजीला तिच्यातून सुखाने फिरवावे, असा त्याचा मनोदय आहे. आजीला ते रुचत नाही. "आतले सगळे काढून टाकलेस, तर त्यांची गाडी म्हणून उरेल ते काय रे?" असे ती विचारते. नातू म्हणतो, "आजी, गाडी चालली तरच ती गाडी. नाहीतर ती कोंबड्यांचे खुराडे होईल." दोघांचेही त्या गाडीवर प्रेम आहे. दोघांपैकी एकालाही आम्ही सहजासहजी चूक ठरवू शकत नाही. एकाच वस्तूवर प्रेम करणारी दोन माणसे तिच्यासाठी परस्परविरुद्ध गोष्टी मागतात, तेव्हा विचार करण्याची खरी गरज निर्माण होते.

आजीचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांना परका नाही. ग्रीक लेखक प्लुटार्क याने थीसिअसच्या जहाजाची कथा सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज पिढ्यान्‌पिढ्या जपले. जी फळी कुजे ती काढून नवी बसवली जाई. होता होता सर्व फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावर तत्त्वचिंतकांत दोन तट पडले. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने त्या कोड्यात आणखी एक गाठ मारली. काढून टाकलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच एक जहाज पुन्हा जोडले, तर थीसिअसचे जहाज कोणते? मोटारीच्या बाबतीत ही गाठ काल्पनिक राहत नाही. आजोबांच्या गाडीचे उतरवलेले इंजिन कबाडी बाजारातून दुसऱ्या एखाद्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये जाऊन बसले आणि तेथे सुरूही झाले, तर आजोबांच्या गाडीचा आवाज आता कोणाच्या अंगणात ऐकू येतो आहे?

आपल्याकडे हाच प्रश्न थेट वाहनाच्या उदाहरणानेच विचारला गेला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, आपण पायी आलात की रथातून? रथातून आलो, असे राजा सांगतो. मग नागसेन रथाचा एकेक भाग घेऊन विचारू लागतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागते. अखेर दोघे या निष्कर्षाला येतात की, हे सर्व भाग एकत्र आल्यावर व्यवहारात वापरले जाणारे 'रथ' हे केवळ एक नाव आहे. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा तो ऐतिहासिक सोहळा झाला, तेथील वाचकाला हा संवाद अपरिचित नसावा.

ग्रंथांना जे ठरवता आले नाही, ते सरकारी कचेऱ्यांना रोज ठरवावे लागते. आपल्या नोंदणी पुस्तकात गाडीची ओळख म्हणून दोन क्रमांक असतात, एक चॅसिसचा आणि एक इंजिनाचा. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने तर अनेक वर्षे चक्क गुण देण्याची पद्धत वापरली. मोठे फेरफार झालेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक टिकवायचा, तर तिला किमान ८ गुण मिळवावे लागत. मूळ चॅसिस वा मूळ सांगाडा असल्यास ५ गुण. सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. आणि इंजिनाला केवळ १. ही यादी प्रथम वाचताना हसू येते. पण तिच्यात एक शहाणपण आहे. जो भाग सर्वांत मोठा आवाज करतो, त्यात गाडीची ओळख सर्वांत कमी आहे. जो भाग मुकाट्याने सगळ्यांचा भार वाहतो, त्यात ती सर्वांत अधिक आहे. माणसांच्या घरांतही बहुधा असेच असते.

तेव्हा 'ही गाडी तीच आहे काय?' या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर मिळणार नाही, असे धरून चालावे लागेल. आमच्या मते त्याने फारसे बिघडतही नाही. नागसेनाचे म्हणणे मान्य केले, तर 'आजोबांची गाडी' हे एक नाव आहे आणि ते नाव माणसे देतात. मग जो ते नाव वापरतो, त्याच्यावर त्याची जबाबदारी येते. वस्तू तीच आहे की नाही, हे कोडे बाजूला ठेवून आपण आपल्या आवाक्यातला प्रश्न विचारू शकतो. ही वस्तू हाती आल्यामुळे आपण कोणाचे देणे लागतो? आम्हांला अशी तीन देणी दिसतात. सत्याचे देणे, रस्त्यावरच्या शेजाऱ्याचे देणे आणि पुढच्या पिढीचे देणे.

त्याआधी आजीच्या बाजूची एक समजूत तपासली पाहिजे. मूळ रूप म्हणजे काही एक स्थिर, अचल गोष्ट आहे आणि आपण हात लावला नाही तर ती तशीच राहील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात गाडी बदलली नाही, तरी तिच्याभोवतीचे जग बदलते. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला त्याचे संरक्षण मिळे. आपल्या देशात शिसेमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झाले, आणि ते मुलांच्या आरोग्यासाठी योग्यच झाले. पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागले. २०२५ पर्यंत ते प्रमाण देशभर २० टक्क्यांवर गेले. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधील वॉशर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. म्हणजे ज्याला काहीही बदलायचे नाही, त्यालाही निदान व्हॉल्व्हच्या बैठका आणि नळ्या बदलाव्याच लागतील. नागपूरच्या मे महिन्याचेही असेच. पारा ४५ अंशांच्या वर गेला की, इंजिनाला चिकटून बसवलेल्या जुन्या पेट्रोल पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते व गाडी भर चौकात बंद पडते. मग पंपावर ओले फडके टाकून वाट पाहत बसायचे, हा एका पिढीच्या अंगवळणी पडलेला उपचार. टाकीतच बसणारा विजेचा पंप आणि इंधन दाबाखाली पुरवणारी आजची रचना आली, की हे दुखणे बहुतांशी जाते. ओल्या फडक्याची आठवण गोड असेल. पण ते फडके म्हणजे आजोबा नव्हेत. ती सोय मिळाली असती, तर आजोबांनी ती आनंदाने घेतली असती.

पण येथून नातवाची परीक्षा सुरू होते. आता पहिले देणे, सत्याचे. ज्या पाँटिअ‍ॅक जीटीओचा उल्लेख वर आला, ती आरंभीच्या दोन वर्षांत स्वतंत्र गाडी नव्हती. ल मान्सवर घेता येणारा तो एक जादा संच होता. त्यामुळे साध्या ल मान्सला जीटीओची चिन्हे लावून तिला अस्सल म्हणून विकणे सोपे झाले. ल मान्सला आवडीने जीटीओचे रूप देणे हा दोष नाही. तिला जीटीओ म्हणून विकणे हा दोष आहे. दोन्ही गाड्या पत्र्याने आणि रंगाने सारख्याच असू शकतील. फरक मालकाच्या शब्दात आहे. आपल्याकडेही पुट्टी भरून गंज झाकणारे आणि 'मूळ रंग आहे' असे छातीठोकपणे सांगणारे कमी नाहीत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या तूरिनच्या सनदेत या प्रश्नाचा विचार आहे. फेरफार करावे लागले तर ते नोंदवून ठेवावेत, ओळखू येतील असे करावेत आणि शक्य तोवर उलटवता येतील असे करावेत, असा तिचा रोख आहे. गाडीत काय जुने आणि काय नवे हे विचारणाऱ्याला सरळ सांगता आले पाहिजे. रेस्टोमॉड या शब्दाचा एक गुण आम्हांला येथे दिसतो. त्यात निदान कबुली आहे. बदल केला आहे, हे तो शब्दच सांगून टाकतो.

दुसरे देणे शेजाऱ्याचे. येथे शेजारी म्हणजे त्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणारा कोणीही. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकला शोषून घ्यावी लागते. ड्रम ब्रेक वारंवार दाबले की तापतात, आणि तापले की त्यांची पकड सुटत जाते. अ‍ॅम्बॅसेडरला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. तिचे पत्र्याचे शरीरच सगळा भार पेलते. खालच्या पत्र्याला गंज लागलेला असताना वर दुप्पट ताकदीचे इंजिन बसवणे म्हणजे मोडक्या पाठीवर ओझे लादणे होय. म्हणून जाणता मिस्त्री कामाचा एक क्रम पाळतो. आधी गंज काढायचा आणि सांगाडा भक्कम करायचा. मग स्टिअरिंग आणि सस्पेन्शन. मग ब्रेक. मग वायरिंग, कारण जुन्या, चिरलेल्या वायरी गाडी पेटवून देऊ शकतात. इंजिन सर्वांत शेवटी. हौसेच्या मनाला मात्र उलटा क्रम हवासा वाटतो. इंजिनाचा गुरगुराट शेजारच्या गल्लीत ऐकू जातो; ब्रेकची नवी नळी कोणाला दिसत नाही. आमच्या मते या क्रमातच नैतिक प्रश्नाचे उत्तर सामावले आहे. जो मालक न दिसणाऱ्या कामावर आधी पैसा खर्च करतो, त्याचे गाडीवर प्रेम आहे. जो दिसणाऱ्या कामावर आधी खर्च करतो, त्याचे प्रेम गाडीच्या काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबावर आहे.

शेजाऱ्याच्या वतीने कायदाही बोलतो, आणि तो काय म्हणतो हे नातवाने आधीच समजून घेतले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा हाच कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने, नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. इंधन बदलण्याचा मान्यताप्राप्त संच, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत केलेली सोय, असे काही बदल कायद्याला मंजूर आहेत. जुन्या गाडीला मान्यताप्राप्त संच बसवून विजेवर चालवण्याचा मार्गही मोकळा आहे. दुसऱ्या बाजूला जुलै २०२१मध्ये 'व्हिंटेज' वाहनांचे नियम आले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना त्यात स्वतंत्र नोंदणी मिळाली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवण्यात आले. मात्र चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. आणि अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन, देखभाल अशा कारणांखेरीज नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

याचा परिणाम असा होतो की, आजी आणि नातू या दोघांपैकी कायदा आजीच्या अधिक जवळ उभा राहतो. गाडी मूळ रूपात जपा आणि सणासुदीला मेळाव्यात न्या. नाहीतर ती निर्मात्याने केली तशीच चालवा. नातवाच्या स्वप्नाला फार अरुंद वाट उरते. हा कायदा निर्बुद्ध आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही तसे म्हणणार नाही. प्रेम मोजण्याचे साधन कायद्याजवळ नसते. दहा माणसे जाणतेपणाने काम करतील आणि शंभर माणसे फक्त आवाज आणि वेग वाढवतील, हे तो अनुभवाने जाणतो. तरीही एक उणीव नोंदवावीशी वाटते. जर्मनीसारख्या देशात गाडीतील फेरफार तज्ज्ञाकडून तपासून घेऊन तिच्या कागदपत्रांत रीतसर नोंदवता येतो. ज्याने ब्रेक सुधारले त्याला आणि ज्याने केवळ सायलेन्सर कापला त्याला एकाच मापाने मोजणे, हे न्यायाचे लक्षण नव्हे. असा तपासणीचा मार्ग आपल्याकडेही व्हावा, अशी मागणी करणे रास्त आहे. तो होईपर्यंत कायदा चुकवून गाडी रस्त्यावर आणणे रास्त नाही. आजोबांच्या नावाची गाडी खोट्या कागदांवर चालवली, तर त्यात आजोबांचा मान कोठे राहिला?

तिसरे देणे पुढच्या पिढीचे. नागपुरातच याचा एक बोलका दाखला आहे. सातपुड्यातून धावणारी, २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवरची नॅरोगेज गाडी अनेक पिढ्यांनी अनुभवली. तिची छिंदवाड्याकडे जाणारी वाट २०१५च्या अखेरीस बंद झाली आणि त्याच मार्गावर पुढे ब्रॉडगेजचे रूळ पडले. तिची जुनी इंजिने, डबे आणि उपकरणे मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात पाहायला मिळतात; ते संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाले होते. एकाच वारशाची ही दोन रूपे. एक चालत नाही, पण खरे आहे. दुसरे बदलले, पण आजारी माणसाला नागपूरच्या इस्पितळापर्यंत आणते. आम्हांला दोन्ही हवीत. संग्रहालय नसते, तर काय होते ते मुलांना कळले नसते. नवे रूळ नसते, तर डोंगरातली माणसे केवळ आपल्या आठवणीच्या सुखासाठी मागे राहिली असती. मोटारींच्या बाबतीतही असाच विवेक हवा. ज्या गाडीच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, किंवा जिला इतिहास आहे, तिला करवत लावू नये. ती एका मालकाची राहत नाही. ज्या गाड्या लाखोंनी निघाल्या, त्यांतल्या एखादीला नवे आयुष्य देण्यात इतिहासाची हानी नाही. तेथेही परत फिरण्याची वाट मोकळी ठेवावी. कापण्याऐवजी बोल्टने जोडावे. उतरवलेले इंजिन विकून न टाकता तेल लावून, गुंडाळून ठेवावे. आपल्या पणतवाची आवड आपल्यासारखी असेल, असे गृहीत धरण्याचा हक्क आपल्याला नाही.

एक आक्षेप मात्र उरतोच, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या विदर्भात कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांच्या घरी आजही अश्रू आहेत, तेथे जुन्या गाडीवर लाखो रुपये खर्च करावेत काय? या आक्षेपाला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की, तोच पैसा दिखाऊ नव्या गाडीवर गेला असता, तर हा प्रश्न कोणी विचारला नसता. जुन्या गाडीवरच्या खर्चातला मोठा वाटा माणसांच्या हातांना मिळतो. हातोडी आणि ठोकळा यांच्या साहाय्याने पत्र्याला गोलाई देणारा डेंटर, न मिळणारा सुटा भाग लेथवर कातून देणारा कारागीर, सीट शिवणारा, क्रोमचा मुलामा चढवणारा. या लोकांची विद्या पुस्तकात लिहिलेली नाही आणि त्यांची मुले ती शिकायला फारशी तयार नाहीत. त्यांना पुरती मजुरी देणे आणि घाई न करणे, हाही त्या गाडीशी असलेल्या इमानाचाच भाग मानला पाहिजे. मिस्त्रीच्या मजुरीत घासाघीस करून आयात केलेल्या चाकांवर उधळण करणारा मालक जुन्या वस्तूंचा प्रेमी म्हणवून घेण्यास पात्र नाही. आणि एवढे करूनही खर्चाला मर्यादा हवीच. ती कोठे घालावी, हे ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारावे.

आजी आणि नातू यांच्यातला वाद कोणी जिंकावा असे आम्हांला वाटत नाही. आजीला नवऱ्याच्या हाताचा स्पर्श जपायचा आहे. तो इंजिनाच्या सिलिंडरपेक्षा स्टिअरिंगच्या चाकावर, दाराच्या मुठीवर आणि मागच्या सीटच्या दबलेल्या कोपऱ्यात अधिक असतो. ते सारे राखता येते. नातवाला आजीला सुखरूप फिरवायचे आहे. त्यासाठी ब्रेक आणि पट्टे आधी लागतात, घोड्यांची संख्या नंतर. काय काढावे आणि काय ठेवावे, हे दोघांनी गाडीजवळ उभे राहून, एकेका भागावर हात ठेवून ठरवावे. मग एक साधी वही घ्यावी. कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला, का बदलला, कोणाच्या हाताने बदलला आणि जुना भाग कोठे ठेवला आहे, हे तीत लिहावे; मिस्त्रीचे नावही लिहावे. ती वही गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात कायम असावी. पुढे कधीतरी कोणी ती गाडी उघडेल, तेव्हा तिच्यात मूळचे किती आणि नवे किती हे त्याला वहीतून कळेल. त्यावरून तिला कोणते नाव द्यायचे, हे तो ठरवील.